पहिला कॉल

रविवारी ऑपरेशन थिएटर बंद असायचं, पण माणसांची पोटं काही रविवार बघून दुखायची थांबत नाहीत. म्हणून दर रविवारी थिएटरच्या दोन सिस्टर कॉलवर असत. एकीचा पहिला कॉल, एकीचा दुसरा. केस आली की आधी पहिलीला बोलवायचं; तिला जमलं नाही किंवा एकदम दोन केसेस आल्या तर दुसरीला. दोघींनीही सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान हॉस्पिटलला फोन करून सांगायचं, मी घरी आहे, कॉलवर आहे. मोबाइल अजून सगळ्यांच्या हातात आलेले नव्हते. टेलिफोन-बोर्डवरचा ऑपरेटर हे वहीत लिहून घ्यायचा आणि दिवसभर त्या वहीवर कारभार चालायचा.

या ऑपरेटरला सगळं हॉस्पिटल हॅलोकाका म्हणायचं. त्यांचा 'हॅलो' इतका लांबलचक असायचा, की तो संपेपर्यंत पलीकडच्या माणसाला आपण कशाला फोन केला हे आठवायला वेळ मिळायचा.

थोरली चौदा वर्षं पहिल्या कॉलवर होती. तिला थोरली म्हणायचे ते घरातल्या नात्यामुळे. तिची धाकटी जाऊही त्याच थिएटरमध्ये सिस्टर होती, आणि दोघींचं आडनाव एकच असल्याने हॉस्पिटलात रोज घोळ व्हायचा. शेवटी मेट्रनबाईंनीच फर्मान काढलं, ही थोरल्या सिस्टर, ती धाकट्या सिस्टर. घरीही तेच चालायचं. खालच्या मजल्यावर थोरली आणि तिचा नवरा, वरच्या मजल्यावर धाकटी, दीर आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी. फोन एकच, खाली, थोरलीच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या तिपाईवर.

धाकटीला थिएटरमध्ये आणलं ते थोरलीनेच. वॉर्डात कंटाळलेल्या त्या मुलीला हाताला धरून तिने शिकवलं होतं. कुठली कात्री कशाला, गाठ मारताना दोरा किती लांब द्यायचा, रक्त वाहायला लागलं की तोंड बंद आणि डोळे उघडे कसे ठेवायचे. "माझी जाऊ कमी आणि शिष्या जास्त," असं ती चारचौघांत सांगायची, आणि सांगताना तिचा ऊर भरून यायचा.

मग हॉस्पिटलात दुर्बिणीचं मशीन आलं. पोटावर चार बारीक भोकं पाडायची, एकातून दुर्बीण घालायची, पडद्यावर बघत बघत आतलं काम करायचं. मशीन लावायचं, जोडायचं, सांभाळायचं काम सिस्टरचं, म्हणून एकीला सहा आठवड्यांच्या शिक्षणाला पाठवायचं ठरलं. मेट्रनबाईंनी आधी थोरलीलाच विचारलं होतं.

"मला काय करायचीय ती दुर्बीण?" थोरली म्हणाली होती. "सर्जनबाईंच्या हाताला माझा हात आहे, तेवढा पुरे. धाकटीला पाठवा, तिचं वय आहे."

हे ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती, हेच तर दुखणं होतं. दुसऱ्या कुणी डावललं असतं तर निदान त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती.

सर्जनबाई ऑपरेशन करताना बोलत नसत. नुसता हात पुढे करत. चौदा वर्षं त्या हातात नेमकी वस्तू पडत आली होती, मागण्याआधी. आता निम्म्याहून जास्त केसेस दुर्बिणीने व्हायला लागल्या आणि पडद्याकडे बघत सर्जनबाई चक्क बोलायला लागल्या. "वा, धाकट्या सिस्टर." "नजर आहे तुमची." एकदा तर हसल्या. थोरली तेव्हा कोपऱ्यात उभी राहून कापसाचे बोळे मोजत होती. चौदा वर्षांत आपल्या वाट्याला एक 'वा' आलेलं तिला आठवेना.

आठ महिन्यांनी यादी बदलली. पहिला कॉल धाकटी, दुसरा कॉल थोरली.

"बरंच झालं की," तिचा नवरा म्हणाला. "रविवारची जरा झोप मिळेल तुला."

थोरलीने त्याच्यापुढचा चहाचा कप उचलून नेला. त्यात अजून अर्धा चहा होता.

त्यानंतर रविवारी सकाळी सात वाजता जिन्यावर धाकटीची पावलं वाजायची. ती खाली येऊन फोन फिरवायची, आणि थोरली स्वयंपाकघरात उगाचच एखादं भांडं घासत कान देऊन ऐकायची. "काका, मी बोलतेय. हो, पहिला कॉल." काही विशेष नव्हतं त्या बोलण्यात. पण 'पहिला' म्हणताना तिचा आवाज थोडा वर जातो, असं थोरलीला वाटायचं. मग ती हात पुसून बाहेर यायची, धाकटीच्या हाताने उबदार झालेला रिसीव्हर घ्यायची आणि म्हणायची, "दुसरा."

त्या रविवारी पावलं वाजली नाहीत. सात वाजून दहा मिनिटांनी वरून हाक आली.

"ताई! पिंकीला ताप भरलाय हो. नुसती चिकटून बसलीय, खाली ठेवू देत नाही. माझंही सांगाल का काकांना? मी आहे म्हणावं. केस आली तर हे बघतील तिच्याकडे."

"सांगते," थोरली म्हणाली.

तिने खरंच सांगायचं ठरवलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच बजावत राहिली, की फोन उचलताना माझ्या मनात काही नव्हतं.

"हॅऽऽलो," काका म्हणाले. "बोला, थोरल्या सिस्टर. तुम्ही आहात. आणि आमच्या दुर्बीणवाल्या?"

दुर्बीणवाल्या! काकांनी सहज म्हटलं, त्यांना सगळ्यांना टोपणनावं द्यायची सवयच होती. पण थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चौदा वर्षं दर रविवारी या माणसाशी बोलत होती ती, आणि त्याने आपल्याला कधी काही टोपणनाव दिलं नव्हतं.

"ती घरी नाहीये," ती म्हणाली.

"घरी नाही? पहिला कॉल असून?"

"सकाळपासून दिसली नाही मला."

"बरं," काका म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. "मग पहिला कॉल तुम्हीच. दुसऱ्याला मी आणखी कुणाला तरी गाठतो."

तिने रिसीव्हर ठेवला. छाती कशी मोकळी झाल्यासारखी वाटली. वरून पिंकीचं रडणं ऐकू येत होतं.

"सांगितलंत का हो, ताई?"

"सांगितलं."

दहाच्या सुमारास फोन वाजला. एक रंगारी होता, चाळिशीचा. पित्ताशय सुजून फुटायला आलं होतं, अकरापर्यंत ऑपरेशनला घ्यायचंच होतं. थोरलीने साडी बदलली, पिशवी उचलली. तेवढ्यात धाकटी पिंकीला कडेवर घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आलीच.

"फोन हॉस्पिटलचा होता ना? मी निघते, हिला ह्यांच्याकडे देते फक्त."

"अगं, राहू दे," थोरली चपला घालत म्हणाली. "सर्जनबाईंनी मलाच मागितलंय. पोट उघडायची केस आहे. म्हणाल्या, थोरल्या सिस्टरनाच पाठवा."

धाकटीचा चेहरा पडला. अगदी क्षणभरच, मग तिने मान हलवली आणि पिंकीच्या कपाळावरचे केस सारखे केले. पण थोरलीने तो पडलेला चेहरा नीट पाहून घेतला. हॉस्पिटलच्या रस्त्याला लागल्यावरही तो तिच्या डोळ्यांपुढे होता आणि, खरं सांगायचं तर, तिला तो आवडत होता.

थिएटरमध्ये सर्जनबाईंनी हात धुता धुता विचारलं, "धाकट्या कुठायत?"

"घरी नाहीत म्हणे," वॉर्डातून मदतीला आलेली सिस्टर म्हणाली. सर्जनबाईंनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मास्क वर ओढला.

"मशीन लावता येईल तुम्हाला?"

"लावते," ती म्हणाली.

रंगाऱ्याला भूल दिली होती. थोरलीने तारा जोडल्या, दिवा लावला, दुर्बीण पुढे केली. पडदा पांढराफटक. तिने जोडण्या काढून पुन्हा लावल्या. चित्र आलं, पण धुक्यातून दिसावं तसं. पोटात हवा भरणारी पेटी टिटी करायला लागली आणि तिच्यावरचे आकडे कशाचे आहेत हे खोलीतल्या कुणालाच सांगता येईना. थोरली कोपऱ्यातून बघायची तेव्हा धाकटी हे सगळं बोलता बोलता करायची. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

"पुरे," सर्जनबाई म्हणाल्या. "उघडते मी."

त्यांनी हात पुढे केला.

पुढचा दीड तास थोरलीला नीट आठवतही नाही, इतका तो सुरळीत गेला. हात पुढे येत होता आणि वस्तू त्यात पडत होती. मधे एकदा रक्ताची धार उडाली, तेव्हा सर्जनबाईंची बोटं मिटायच्या आत चिमटा त्यांच्या तळहातावर होता. शेवटचा टाका घातल्यावर सर्जनबाईंनी मास्क खाली केला.

"तुम्ही होतात म्हणून निभावलं आज, थोरल्या सिस्टर."

कितीतरी महिने ती या वाक्याची वाट बघत होती. ते आलं आणि कानावरून गेलं. कारण सर्जनबाई त्याच वेळी त्या माणसाच्या उजव्या कुशीकडे बघत होत्या. बरगडीखालून तिरपा, वीतभर लांब, टाक्यांचा रस्ता.

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "काय होतं?"

"पित्ताशय. फारच सुजलेलं. उघडावंच लागलं."

"मग तुम्ही गेलात ते बरंच झालं," धाकटी मनापासून म्हणाली आणि चहाचं पाणी ठेवायला वळली.

सोमवारी मेट्रनबाईंनी दोघींना बोलावलं. टेबलावर बोर्डची वही उघडी होती. हॅलोकाकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'धाकट्या सिस्टर, घरी नाही. थोरल्या सिस्टरांकडून समजले. ७.१४.'

"कॉलवर असताना कुठे गेला होतात?" मेट्रनबाईंनी धाकटीला विचारलं.

"मी? घरीच होते की. दिवसभर." धाकटीने वही स्वतःकडे वळवून वाचली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग एकदम सुटल्या. "अहो, काकांची ऐकण्यात गफलत झालीय. ताई म्हणाल्या असणार 'घरीच आहे', काकांनी ऐकलं 'घरी नाहीये'. हल्ली त्यांना कमीच येतं ऐकायला. परवा मी ब्लड बँक मागितली, तर मला बिलांच्या खिडकीला जोडून दिलं त्यांनी."

मेट्रनबाई थोरलीकडे वळल्या. "तसंच झालं ना?"

खोलीत पंखा कुरकुरत होता. थोरलीला वाटलं, धाकटी आता आपल्याकडे बघेल आणि सगळं तिच्या लक्षात येईल. धाकटीने पाहिलं. तिच्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता.

"तसंच झालं असेल," थोरली म्हणाली.

"ही तिसरी तक्रार," मेट्रनबाईंनी वही मिटली. "आज निभावलं, उद्या कुणाचा जीव जाईल. त्यांना बोर्डवरून काढायला हवं."

मंगळवारी सकाळी थोरली वॉर्डात गेली. रंगारी उशीला टेकून बसला होता. त्याच्या नखांच्या कडेला अजून निळा रंग होता.

"तुम्हीच ना त्या?" तो म्हणाला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या सिस्टरांचा हात नसता तर अवघड होतं. उपकार झाले तुमचे." मग त्याने हळूच विचारलं, "एक सांगाल? शिडीवर कधी चढता येईल? हात वर केला की ओढतंय सगळं. आमचं काम म्हणजे हात वरच."

"दोन महिने तरी नाही."

"दोन महिने? शेजारच्या खाटेवर एक जण होता, त्याचंही हेच दुखणं. तो म्हणे पंधरा दिवसांत कामाला लागणार."

"त्याचं वेगळ्या पद्धतीने केलं होतं," थोरली म्हणाली, आणि त्याची चादर सारखी करू लागली, ती मुळात सारखीच असताना.

खाली येताना तिला बोर्डची खोली लागली. आत काकांच्या खुर्चीवर कुणी तरी दुसरंच बसलं होतं. काका सापडले तळमजल्यावर, धुऊन आलेल्या चादरींच्या खोलीत. स्टुलावर बसून ते गठ्ठे मोजत होते. तिला बघून उठून उभे राहिले. ते कधी उभे राहत नसत.

"सिस्टर, बरं झालं आलात. एक विचारू का?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "तुम्ही 'घरीच आहे' म्हणाला होतात, नाही का? मी कालपासून ते परत परत ऐकतोय डोक्यात. मला 'नाहीये'च ऐकू येतं. 'सकाळपासून दिसली नाही' असंसुद्धा ऐकू येतं, बघा. म्हणजे न बोललेलं ऐकायला लागलो की मी. छत्तीस वर्षं या कानांवर काढली. उद्या तपासायला जायचंय." ते हसले. "बायकोला अजून सांगितलं नाही. ती म्हणेल, मी तर कधीची सांगतेय."

थोरली चादरींच्या गठ्ठ्यावर बसली.

"तुमचे कान शाबूत आहेत, काका," ती म्हणाली. "मी तेच बोलले होते."

काकांना कळायला वेळ लागला. मग ते खाली बसले आणि पुन्हा चादरी मोजायला लागले. "सत्तावीस, अठ्ठावीस." तिसावर थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "का हो?"

ती तशीच उठून मेट्रनबाईंच्या खोलीत गेली. तिथे सर्जनबाई बसल्या होत्या आणि धाकटीही पुढच्या आठवड्याची यादी घेऊन उभी होती. थोरलीला वाटलं, नंतर यावं, मेट्रनबाई एकट्या असताना. मग वाटलं, आत्ता मागे फिरले तर पुन्हा येणार नाही. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काकांना काय सांगितलं ते, धाकटीला काय सांगितलं ते, 'सर्जनबाईंनी मलाच मागितलं' हेसुद्धा. ते सांगताना सर्जनबाईंसमोर तिची मान वर होईना.

"त्या माणसाच्या पोटावर वीतभर टाके आहेत, सिस्टर," सर्जनबाई म्हणाल्या. आणि उठून गेल्या.

धाकटीने हातातली यादी टेबलावर ठेवली. "हेवा वाटत होता, तर भांडायचं होतंत ना माझ्याशी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "घरात दोन मजले आहेत, आपटायला भांडी आहेत. मीही भांडले असते. काकांना बहिरं ठरवलं मी. माझ्या या तोंडाने. तुम्ही खोटं बोलाल असं मनातही आलं नाही म्हणून." ती काकांच्या शोधात खाली गेली.

काका त्याच दुपारी बोर्डवर परतले. थोरलीला तीन महिने थिएटरमधून काढून मलमपट्टीच्या खोलीत पाठवलं आणि कॉलच्या यादीतून तिचं नाव गेलं. रंगारी टाके काढायला आला तो नेमका तिच्याच टेबलावर. टाके काढून झाल्यावर तिने त्यालाही सांगितलं. तो शर्टाची बटणं लावता लावता थांबला, तिच्याकडे बघत राहिला, उरलेली बटणं लावली आणि निघून गेला. पुढच्या वेळी तो आला तेव्हा शेजारच्या टेबलाच्या रांगेत उभा राहिला. ती रांग बरीच मोठी होती.

घरी धाकटीने वर स्वतःचा फोन घेतला. जिन्यावरची पावलं थांबली. बोलणं कामापुरतं: पाणी आलंय, पिंकीची शाळेची पिशवी खाली राहिलीय. थोरलीच्या नवऱ्याने एकदा मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, तेव्हा दोघी जावांनी त्याला एकाच वेळी गप्प केलं. तेवढंच काय ते दोघींचं एकमत.

तीन महिने संपले तेव्हा मेट्रनबाईंनी विचारलं, "मशीन शिकणार का? या वेळी बाहेर कुठे पाठवत नाही. इथेच शिकावं लागेल. कुणाकडे, ते तुम्हाला ठाऊक आहे."

थोरलीने एक दिवस मागून घेतला. मग हो म्हणाली.

पहिला धडा थिएटरच्या सामानाच्या खोलीत झाला. धाकटीने बुटांच्या खोक्याला भोकं पाडून आणली होती. आत शर्टाची बटणं विखुरलेली. लांब चिमटा एका भोकातून आत घालायचा, दुसऱ्यातून दुर्बीण, छोट्या पडद्यावर बघायचं आणि एकेक बटण उचलून वाटीत टाकायचं. धाकटीने आधी करून दाखवलं. सहा बटणं, मिनिटभरात, हात जणू तिच्या मालकीचाच नाही इतका हलका. थोरलीच्या मनात ती जुनी असूया जागी झाली. गेली नव्हती ती कुठेच. तिने ती ओळखली आणि चिमटा हातात घेतला.

पडद्यावर सगळं उलटं होत होतं. डावीकडे न्यावं तर चिमटा उजवीकडे जायचा. बटण धरलं गेलं, वाटीच्या काठापर्यंत आलं आणि निसटलं.

"खांद्यातून नाही, सिस्टर," धाकटी म्हणाली. पूर्वी ती ताई म्हणायची. "मनगटातून."

थोरलीने खांदा सैल सोडला. बटण पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. तिच्या कानशिलावरून घाम ओघळला आणि हात अडकलेले असल्याने तो पुसता येईना. धाकटीने क्षणभर बघितलं, मग टेबलावरचा कापसाचा बोळा उचलून तिचं कानशील टिपलं, थिएटरमध्ये सर्जनबाईंचं टिपतात तसं, एका झटक्यात, आणि बोळा बादलीत टाकला.

"पुन्हा," ती म्हणाली.